कट -सी नं मराठी अक्षरं तुटतायत : कमांडचा मूळ सोर्स आणि तिचा इतिहास शोधायचा कुठे?

करवंद | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी मी गेले दोन महिने टाइप करतेय, साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीला एक पुस्तक. कपाटांवरच्या चिठ्ठ्यांसाठी प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर वेगळं काढायचं होतं म्हणून 'कट -सी१' वापरलं (कट म्हणजे ओळीतला हवा तो तुकडा कापून देणारी लिनक्सची कमांड; कमांडी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत). घरच्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स आहे, तिथे मस्त चाललं, पुणे चा प, कोकण चा क. तीच स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घेऊन वाचनालयातल्या जुन्या पीसीवर गेले, तिथे डेबियन १२ हे दुसरं लिनक्स टाकलंय, आणि चिठ्ठीवर अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. दोन्हीकडे लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, यूटीएफ-८ आहे. फॉन्टही तपासला. 'कट --व्हर्जन' केलं तर दोन्ही मशीन ग्नू कोअरयुटिल्सच (ग्नू प्रकल्पातला मूलभूत कमांडींचा संच) सांगतात आणि खाली लिहिणाऱ्यांची नावंसुद्धा तीच, डेव्हिड इन्हॅट, डेव्हिड मॅकेन्झी, जिम मेयरिंग.

काम मी पायथनने उरकलं, तो प्रश्न नाही. पण एकच प्रोग्रॅम, तीच माणसं लिहिणारी, आणि दोन मशीनवर दोन वेगळी उत्तरं, हे मनातून जात नाहीये. मला त्याचा खरा सोर्स बघायचाय आणि हे कुणी कधी ठरवलं तेही वाचायचंय. गिटहबवर शोधलं तर कोअरयुटिल्स नावाच्या ढीगभर प्रती दिसतात, त्यातली खरी कुठली कसं कळणार?


वेताळटेकडी | शनिवार, रात्री ११:०५

करवंद, तुमच्या फॉन्टचा काही दोष नाही, लोकेलचाही नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, बारा बाइट. 'एको पुणे' हे 'डब्ल्यूसी -सी' ला दिलंत तर १३ येतील आणि 'डब्ल्यूसी -एम' ला दिलंत तर ५, एक जास्तीचा आहे तो ओळ संपल्याचा. डेबियनवरचा कट -सी१ म्हणजे पहिला बाइट, म्हणजे प चा एक तृतीयांश तुकडा, टर्मिनलला त्याचं काय करायचं कळत नाही म्हणून प्रश्नचिन्ह. तिथे कट -सी१-३ करून बघा, अख्खा प येईल.

आता सोर्सचं. माझी पद्धत सांगतो, ती सोप्या गोष्टीपासून सुरू होते आणि लोक नेमकी तीच गाळतात : आधी आपण नेमकं काय चालवतोय ते बघायचं. 'टाइप -ए कट' करा. विच वापरू नका, कारण विचला शेलच्या (कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आपल्याकडे तो बॅश) आतल्या कमांडी आणि एलियास, म्हणजे कमांडींची टोपणनावं, दिसत नाहीत. एको, किल, टेस्ट, पीडब्ल्यूडी हे सगळे बॅशच्या पोटात पण आहेत आणि डिस्कवर वेगळी फाइल म्हणून पण आहेत, तुम्ही एको चालवता तेव्हा नव्व्याण्णव टक्के वेळा बॅशचा चालतो, आणि माणूस कोअरयुटिल्सचा सोर्स वाचत बसतो. मी स्वतः एकदा 'टाइम' च्या बाबतीत अर्धा दिवस असा घालवलाय, तो तर बॅशचा कीवर्ड आहे, आणि ग्नू टाइम हा संपूर्ण वेगळा प्रोग्रॅम.

फाइल कळली की 'रीडलिंक -एफ' मारायचं, कारण ऑक, व्हीआय, एनसी ह्यांची नावं डेबियनवर अल्टरनेटिव्ह्जच्या लिंका असतात. मग ती फाइल कुठल्या पॅकेजची ते विचारायचं, डेबियनवर 'डीपीकेजी -एस' (एस मोठा), फेडोरावर 'आरपीएम -क्यूएफ', आर्चवर 'पॅकमन -क्यूओ'. पॅकेज कळलं की 'एपीटी शो' मध्ये होमपेज ही ओळ असते, 'आरपीएम -क्यूआय' मध्ये यूआरएल. तिथून जे घर सापडतं ते खरं, गिटहबच्या शोधातून सापडतं ते बहुतेक वेळा कुणाची तरी प्रत. कोअरयुटिल्सचं घर आहे सव्हाना, ग्नूचं स्वतःचं होस्टिंग.


नवशिक्या_०७ | शनिवार, रात्री ११:३१

वेताळदादा, मी लगेच करून बघितलं. माझ्याकडे पण डेबियन १२. टाइप -ए एलएस म्हणतं यूएसआर बिन मध्ये एलएस आहे, पण डीपीकेजी -एस ला तोच पाथ दिला तर म्हणतं असा पाथ कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. मग एलएस आला कुठून??


वेताळटेकडी | शनिवार, रात्री ११:४४

घाबरू नकोस. आता बिन ही डिरेक्टरी यूएसआर बिनकडे जाणारी लिंक झालीय, पण डेबियन १२ च्या पॅकेजात एलएस ची नोंद जुन्याच पाथने आहे, नुसतं बिन/एलएस. डीपीकेजी नोंदीतला पाथ अक्षरशः जुळवतं, लिंकमागे जात नाही. बिन/एलएस देऊन बघ. कट ची नोंद पहिल्यापासूनच यूएसआर बिनमध्ये आहे, म्हणून करवंदांना हा त्रास होणार नाही.


पाटावरवंटा | रविवार, सकाळी ८:२०

चांगला धागा. पण करवंदचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे, की दोन्हीकडे ग्नूचाच कट तर फरक का. कारण 'अपस्ट्रीम', म्हणजे मूळ लेखकांचा सोर्स, आणि 'आपल्या मशीनवरचं' ह्यांच्यामध्ये एक अख्खी पायरी असते आणि ती --व्हर्जन मध्ये दिसत नाही : डिस्ट्रोचे पॅच, म्हणजे फेडोरा-डेबियनसारख्यांनी मूळ कोडवर वरून केलेले बदल.

फेडोराच्या पॅकेज सोर्सच्या साइटवर कोअरयुटिल्स उघडा. तिथे स्पेक फाइल दिसेल आणि तिच्या शेजारी कोअरयुटिल्स-आय१८एन डॉट पॅच नावाची एक लांबलचक फाइल (आय१८एन म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण). कट, फोल्ड, जॉइन, सॉर्ट, युनिक, एक्सपांड अशा सगळ्यांना मल्टीबाइट अक्षरं शिकवणारा हा पॅच आहे, वर्षानुवर्षं फेडोरा आणि सूसे तो सांभाळत आलेत. स्पेक फाइलीत त्याच्यावर टीप पण आहे की एलएसबी ह्या जुन्या लिनक्स प्रमाणकाच्या अटीसाठी घातलाय. डेबियन तो लावत नाही. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर प नीट आला तो ग्नूमुळे नाही, फेडोराने वरून घातलेल्या कोडमुळे. डेबियनवर तुम्हाला दिसलं ते खरं अपस्ट्रीम.

त्यामुळे माझा नियम असा की अपस्ट्रीमचा सोर्स वाचण्याआधी आपल्या डिस्ट्रोचा सोर्स वाचायचा. 'एपीटी सोर्स कोअरयुटिल्स' (त्याआधी सोर्सेसच्या यादीत डेब-एसआरसी ची ओळ चालू करावी लागते), मग डेबियन नावाच्या फोल्डरमध्ये पॅचेस, त्यात सिरीज नावाची फाइल, ती सांगते काय काय आणि कुठल्या क्रमाने लावलंय. त्याच फोल्डरात कॉपीराइट फाइलमध्ये मूळ सोर्स कुठून घेतला ते असतं, आणि वॉच फाइलमध्ये नवीन आवृत्ती कुठे शोधायची तो पत्ता. हा पत्ता मला होमपेजच्या ओळीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण मशीन तो वापरतं, मेला असेल तर कुणीतरी दुरुस्त करतं. काही उतरवायचं नसेल तर डेबियनची सोर्सेस साइट ब्राउझरमध्ये सगळं दाखवते, कोडसर्चची साइट अख्ख्या डेबियनमध्ये शोधून देते, आणि अमुक तारखेला डेबियनमध्ये काय होतं ते हवं असेल तर स्नॅपशॉट आहे.

आणि हा फरक नुसता कुतूहलाचा नाही. २०१३ मध्ये सॉर्ट, युनिक आणि जॉइन ह्यांच्यात खूप लांब ओळ दिली की क्रॅश होण्याचे सीव्हीई (सुरक्षादोषांच्या जाहीर नोंदी) निघाले होते, तीन लागोपाठच्या क्रमांकांचे, आणि तिन्ही ह्या आय१८एन पॅचमधल्या चुका होत्या. ग्नूच्या रेपोत, म्हणजे सोर्सच्या भांडारात, शोधत बसलात तर तो कोडच तिथे नाही.


सातासमुद्रापार | रविवार, सकाळी ९:०२

इकडे मॅकवर करून बघितलं, कट -सी१ ला प बरोबर येतो. मॅकचा कट ग्नूचा नाहीच, तो बीएसडी घराण्यातला, फ्रीबीएसडीमधून आलेला. मॅकवर --व्हर्जन चालत नाही, पण 'वॉट' नावाची एक जुनी कमांड आहे, 'वॉट यूएसआर/बिन/कट' केलं की बायनरीच्या आत कोरलेली ओळ बाहेर येते, त्यात प्रोजेक्टचं नाव असतं, टेक्स्ट अंडरस्कोर सीएमडीज आणि पुढे आकडा. त्याच नावाचा रेपो ॲपलच्या ओपन सोर्स डिस्ट्रिब्युशन्स ह्या गिटहब खात्यावर आहे. एलएस चा शोध घ्याल तर तो फाइल अंडरस्कोर सीएमडीज मध्ये. तिथे आवृत्त्यांचे टॅग मिळतात पण रोजचे कमिट, म्हणजे एकेका बदलाच्या नोंदी, नाहीत, म्हणून 'का केलं' हे हवं असेल तर फ्रीबीएसडीच्या रेपोत जावं लागतं.


नवशिक्या_०७ | रविवार, सकाळी ९:४०

म्हणजे कट नावाचे किती प्रोग्रॅम आहेत मग? मला वाटायचं कमांड म्हणजे एकच असते सगळीकडे.


जुनीवही | रविवार, सकाळी ११:१५

नवशिक्या, तुझा प्रश्न फार आवडला, मी ह्याच नादात कित्येक वर्षं आहे.

कट मूळचा एटी अँड टीचा, सिस्टिम थ्री युनिक्समध्ये तो पहिल्यांदा आला. हे मी कुठून सांगतोय तर फ्रीबीएसडीच्या मॅन पेजवरून. बीएसडीच्या मॅन पेजांना शेवटी हिस्टरी नावाचा भाग असतो, कमांड कुठल्या युनिक्समध्ये प्रथम आली ते एका ओळीत लिहिलेलं, आणि लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हा खजिना माहीतच नसतो. इतिहास शोधताना मी पहिलं पान तेच उघडतो. एलएस बघ, थेट पहिल्या आवृत्तीपासून आहे. मजकूर शोधणारा ग्रेप चौथ्या आवृत्तीत आला, केन थॉम्सनने लिहिलेला, आणि नाव ईडी ह्या एडिटरमधल्या 'जी/आरई/पी' ह्या आज्ञेवरून.

मग ग्नूचा कट. सोर्स फाइलीच्या माथ्यावर कॉपीराइटच्या ओळीत १९८४, डेव्हिड इन्हॅट असं आहे. म्हणजे एटी अँड टीच्या कोडशी त्याचं नातं नाही, नव्याने लिहिलेला. खाली टिपा आहेत की पॉझिक्ससाठीचे (पॉझिक्स म्हणजे युनिक्स कमांडींचं प्रमाणक) बदल आणि लांब नावांचे ऑप्शन मॅकेन्झींचे, आणि बाइट कापणारं व फील्ड कापणारं फंक्शन मेयरिंगने पुन्हा लिहिलं. आणि बीएसडीचा कट तिसराच, त्याच्या माथ्यावर ॲडम मॉस्कोविट्झ आणि मार्सियानो पितार्ग ह्यांनी बर्कलीला दिलेला कोड अशी नोंद, साल १९८९. शिवाय बिझीबॉक्समधला वेगळा, टॉयबॉक्समधला वेगळा, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये असतो तो टॉयबॉक्सचा. नाव एक, ऑप्शन बहुतेक तेच, कोड सगळा निराळा.

ज्याला खरंच मागे मागे जायचंय त्याच्यासाठी दोन जागा. एक, द युनिक्स हेरिटेज सोसायटी, वॉरन टूमी ह्यांनी उभी केलेली, तिथे जुन्या युनिक्सचे सोर्स फोल्डर-फोल्डर उघडून वाचता येतात. हे शक्य झालं कारण जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने पहिल्या ते सातव्या आवृत्तीपर्यंतचं युनिक्स आणि ३२व्ही मोकळ्या परवान्याखाली सोडलं. सिस्टिम थ्री मात्र त्यातून मुद्दाम वगळलंय, म्हणून कट चा अगदी मूळ कोड त्या परवान्यात येत नाही. दुसरी जागा म्हणजे युनिक्स हिस्टरी रेपो, दिओमिदिस स्पिनेलिस ह्यांचा. १९७० च्या पीडीपी-७ वरच्या युनिक्सपासून आजच्या फ्रीबीएसडीपर्यंत सगळं एकाच गिट रेपोत शिवलंय, त्यामुळे आजच्या फाइलीवर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी कधी बदलली ते दाखवणारी आज्ञा) मारलं तर काही ओळींच्या पुढे सत्तरच्या दशकातली तारीख येते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी रात्री दीडपर्यंत जागा होतो.

आणि हे काम संपलेलं नाही बरं का. २०२५ मध्ये युटा विद्यापीठात चौथ्या आवृत्तीची एक टेप सापडली आणि कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ती वाचून आतला मजकूर परत मिळवला गेला. ज्या आवृत्तीत कर्नल पहिल्यांदा सीमध्ये लिहिलं गेलं ती ही. टेप कपाटात पडून राहते, आणि कुणाला तरी तिची किंमत कळते म्हणून ती वाचते. आपल्याकडे दफ्तरं वाळवीला जातात तेव्हा मला हेच आठवतं.


करवंद | रविवार, दुपारी ३:५०

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. जुनीवही, वाचनालयाच्या कपाटात काम करताना तुमचं शेवटचं वाक्य रोज समोर दिसतं.

आता मी सव्हानावरून क्लोन करायला, म्हणजे अख्खा रेपो उतरवायला, गेले तर आमच्याकडच्या नेटवर ते संपेचना, म्हणून --डेप्थ १ लावलं. पण मग गिट लॉगमध्ये एकच कमिट दिसतोय. इतिहास कुठे गेला?


वेताळटेकडी | रविवार, दुपारी ४:१०

डेप्थ १ म्हणजे शेवटचा कमिट फक्त, इतिहास तुम्हीच कापलात. त्याऐवजी --फिल्टर=ब्लॉब:नन लावा (सर्व्हरने फिल्टरला नकार दिला तर गिटहबवरच्या आरशातून घ्या, मेंटेनर लोकच तो ठेवतात). सगळे कमिट, तारखा, संदेश येतात आणि फाइलींचा मजकूर लागेल तसा नंतर खेचला जातो. कोकणातल्या नेटला हेच बरं.

मग एसआरसी/कट.सी उघडा आणि ऑप्शन वाचणारा भाग शोधा. तिथे केस बी आणि केस सी एकाखाली एक लिहिलेत आणि दोन्ही एकाच ठिकाणी जातात, शेजारी टिप्पणी की बाइटची यादी तयार करा. तुमचं प्रश्नचिन्ह त्या दोन ओळींतून येतंय. पॉझिक्समध्ये बी म्हणजे बाइट आणि सी म्हणजे कॅरेक्टर असे दोन वेगळे आहेत, ग्नूने दोन्ही स्वीकारले पण अर्थ एकच ठेवला. आणि हे लपवलेलं नाही, 'इन्फो' मधलं कट चं पान उघडा, -सी च्या खाली लिहिलंय की सध्या हे -बी सारखंच आहे, आंतरराष्ट्रीयीकरण झालं की बदलेल. मॅन पेज त्रोटक असतं, ग्नूचं खरं दस्तावेजीकरण इन्फोमध्ये.

आता इतिहास खणायला नुसतं ब्लेम पुरत नाही. ब्लेम शेवटी हात लावणाऱ्याचं नाव दाखवतं, आणि तो बरेचदा फक्त स्पेस सरकवणारा असतो. ब्लेमला -डब्ल्यू लावा म्हणजे स्पेसचे बदल वगळले जातात, -सी (मोठा) दोनतीनदा लावलात तर दुसऱ्या फाइलीतून उचललेला कोडही ओळखतं. त्याहून कामाचं म्हणजे 'गिट लॉग -एस' (एस मोठा) आणि पुढे शोधायचा मजकूर, तो मजकूर ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढेच दाखवतं. 'गिट लॉग -एल' (एल मोठा) एका फंक्शनचा जन्मापासूनचा प्रवास दाखवतं. हवा तो कमिट मिळाला की 'गिट टॅग --कंटेन्स', म्हणजे तो कुठल्या आवृत्तीपासून लोकांपर्यंत गेला ते कळतं.

कोअरयुटिल्सचा लॉग १९९२ पर्यंत मागे जातो, पण तेव्हा कोअरयुटिल्स हे नावच नव्हतं. फाइलयुटिल्स, शेलयुटिल्स, टेक्स्टयुटिल्स अशी तीन पॅकेजं होती, ती एकत्र करून पुढे २००३ मध्ये ५.० आवृत्ती आली. कट हा टेक्स्टयुटिल्समधला. रेपोत ओल्ड नावाचं फोल्डर आहे त्यात तिन्हींचे जुने चेंजलॉग जपून ठेवलेत, नव्वदीतली कारणं तिथेच वाचायला मिळतात.

सगळ्यांचे लॉग इतके श्रीमंत नसतात हेही सांगून ठेवतो. बॅशच्या मुख्य शाखेत एकेक आवृत्ती म्हणजे एकेक भलामोठा कमिट, तिथे ब्लेमने काही हाती लागत नाही, चेंजेस ही फाइल वाचावी लागते आणि मेलिंग लिस्ट. खरं तर 'का' चं उत्तर नेहमी मेलिंग लिस्टवरच असतं. कोडमध्ये काय ते दिसतं, कमिटमध्ये कधी आणि कुणी, आणि कमिटच्या संदेशात बगचा नंबर असेल तर त्या नंबरामागे माणसांचं भांडण, समजूत, माघार सगळं.


नवशिक्या_०७ | रविवार, संध्याकाळी ६:२५

एक विचारू का, इतकी वर्षं फेडोराकडे पॅच तयार आहे तर ग्नूने घेऊन टाकायला काय हरकत होती? निम्मं जग इंग्रजी लिहीत नाही. हे मला चुकीचं वाटतं.


पाटावरवंटा | रविवार, संध्याकाळी ७:४०

राग योग्य आहे तुझा, मराठी लिहिणाऱ्या कुणालाही येईल. पण तो पॅच एकदा उघडून वाच. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये बाइटसाठी एक आणि मल्टीबाइटसाठी दुसरं अशी तीच कामं करणारी दोन फंक्शनं आहेत, म्हणजे पुढची प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची. त्या २०१३ च्या चुका अशाच दुसऱ्या फंक्शनांत निघाल्या. शिवाय कट आणि सॉर्ट लोक गिगाबाइटच्या फाइलींवर चालवतात, तिथे प्रत्येक अक्षर ओळखत बसलं की वेग जातो. घ्यायचं तर नीट लिहून घ्यायचं, असं म्हणणाऱ्या मेंटेनरच्या बाजूने मी आहे, कारण पुढची वीस वर्षं तो कोड त्यालाच सांभाळायचा असतो. उशीर झाला हे मात्र खरंच. नवीन आवृत्त्यांची न्यूज फाइल बघत राहा, असा बदल झाला की पहिल्यांदा तिथेच येतो.

उलट उदाहरणही देते. डेबियन-उबुंटूवर ऑक (मजकुरावर प्रक्रिया करणारी छोटी भाषा) म्हणजे एमऑक, आणि डेबियन १० आणि उबुंटू १८.०४ पर्यंत तो १.३.३ होता, १९९६ सालचा. त्याला चौकटी कंसातले पॉझिक्सचे वर्ग, स्पेस, डिजिट वगैरे, कळतच नव्हते, एरर न देता गुपचूप चुकीचं उत्तर. मी एका ठिकाणी कामाला होते तिथे ह्याच्यामुळे पूर्ण महिन्याचा रिपोर्ट चुकला होता आणि आम्ही तीन दिवस डेटात दोष शोधत होतो. त्या काळात अपस्ट्रीम पुढे गेलेलं होतं, माइक ब्रेनन ह्यांच्यानंतर टॉमस डिकी ह्यांनी १.३.४ चालवलं होतं, डिस्ट्रो मागे राहिली होती. म्हणून आवृत्तीचा आकडा आणि अपस्ट्रीमचा आजचा आकडा शेजारी ठेवून बघायची सवय लावून घे. रिपॉलजी नावाची साइट एका पॅकेजच्या सगळ्या डिस्ट्रोंतल्या आवृत्त्या एका पानावर दाखवते.

आणि काही ठिकाणी अपस्ट्रीम उरलेलंच नसतं. डेबियनचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) कित्येक वर्षं व्हिक्सी क्रॉन ३.० पीएल१ ह्याच आकड्यावर होता आणि डेबियनची पुरवणी आवृत्ती शंभराच्या पुढे गेली, म्हणजे व्यवहारात डेबियनच त्याचं घर. फेडोराचा क्रोनी त्याच मुळातून निघून वेगळा वाढला.

रीनेम तर सगळ्यात धोकादायक : डेबियनवर तो पर्लचा, नाव बदलायचा नियम पर्लच्या एक्स्प्रेशनमध्ये घेतो, फेडोरावर युटिल-लिनक्सचा, साधे दोन शब्द घेतो. एकाची आज्ञा दुसऱ्यावर चालवू नका, फाइली आपल्या असतात.


सातासमुद्रापार | रविवार, रात्री ९:१५

ऑकवरून : 'पुणे' ची लांबी गॉकला, म्हणजे ग्नूच्या ऑकला, विचारली तर ४ म्हणतो, एमऑकला विचारली तर १२. मूळ ऑकच्या, म्हणजे आहो, वाइनबर्गर, कर्निगन ह्यांच्या ऑकच्या रेपोत वन ट्रू ऑक नावाने कोड आहे, आणि २०२२ मध्ये ब्रायन कर्निगन ह्यांनी ऐंशीच्या वयात स्वतः त्यात युनिकोडचं काम घातलं. आपल्या लिपीसाठी १९७७ च्या साधनावर मूळ लेखकच पुन्हा बसतो, मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आणखी एक, उबुंटू २५.१० पासून उबुंटूवर बहुतेक कोअरयुटिल्स ग्नूचे नाहीत, रस्ट ह्या भाषेत लिहिलेले यूयुटिल्स. तिथे एलएस --व्हर्जन ची पहिली ओळ नीट वाचा, नाहीतर बग भलत्याच घरी नोंदवाल. आल्या आल्या तिथल्या 'डेट -आर' मध्ये चूक निघाली होती, फाइलची वेळ सांगण्याऐवजी आत्ताची वेळ सांगायचा, आणि त्याच्यामुळे आपोआप होणारे अपडेट तपासणं अडलं होतं.


जुनीवही | रविवार, रात्री १०:०५

घर बदलणारी साधनंही असतात. ट्री ही कमांड वर्षानुवर्षं इंडियाना स्टेट विद्यापीठाच्या सर्व्हरवरच्या पानावर राहायची, आता गिटलॅबवर आहे. पीएस, टॉप, फ्री ह्यांचं प्रोकप्स तीन डिस्ट्रोंनी मिळून प्रोकप्स-एनजी म्हणून पुढे नेलं, तेही गिटलॅबवर. गूगल कोड बंद झालं, गिटोरियस बंद झालं, बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल रेपो काढून टाकले. जुन्या पत्त्यावर काही नसेल तर सॉफ्टवेअर हेरिटेजमध्ये शोधा, फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये लोकांसमोर आणलेला सोर्स कोडचा संग्रह. मूळ पत्ता टाकला की त्यांनी तो कधी कधी जपून घेतला त्या तारखा दिसतात.


पाटावरवंटा | रविवार, रात्री १०:४०

जुनीवहींच्या मुद्द्याला जोडून एक सांगायलाच हवं, मार्च २०२४ चं एक्सझेड ह्या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलं गेलं, आणि ते उघडणारी बिल्ड-टू-होस्ट ही एमफोर फाइल तशी गिट रेपोत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. डिस्ट्रो टारबॉल घेतात, माणसं गिट वाचतात, त्या फटीतून ते गेलं. आंद्रेस फ्रॉइंड ह्यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढं खुपलं म्हणून सापडलं. त्यामुळे 'सोर्स बघितला' म्हणताना कुठला बघितला ते स्वतःला विचारायचं, आणि शंका असेल तिथे टारबॉल उघडून त्याच टॅगच्या गिटशी डिफ करायचा, म्हणजे ओळीओळीचा फरक काढायचा. ऑटोकॉन्फने तयार केलेल्या फाइलींचा फरक येणारच, पण हाताने लिहिलेली कुठलीही गोष्ट फक्त टारबॉलमध्ये दिसली तर थांबायचं.


करवंद | सोमवार, सकाळी ७:३०

काल रात्री क्लोन पूर्ण झाला. केस बी, केस सी, एकाखाली एक, बघितले डोळ्यांनी. मग फेडोराचा पॅच शेजारी उघडला आणि त्याच जागी सी वेगळा काढलेला दिसला. दोन मशीनची दोन उत्तरं आता मला शेजारी-शेजारी वाचता येतात. इन्फोमधलं ते वाक्यही वाचलं, 'सध्या', आणि त्या एका शब्दामागे किती वर्षं गेली असतील ते मोजत बसले.

स्क्रिप्टमध्ये कट काढून टाकला. आता 'ग्रेप -ओई' आणि पुढे ओळीच्या सुरुवातीला क्ष किंवा ज्ञ किंवा कुठलंही एक अक्षर, असं लिहिलंय. ग्रेप पर्यायांतला सगळ्यात लांब जुळणारा घेतो, म्हणून क्षितिज ला नुसता क न येता पूर्ण क्ष येतो, आणि आमच्याकडे क्ष-ज्ञ चं कपाट शेवटी वेगळंच आहे. दोन्ही मशीनवर एकच उत्तर. वर टिप्पणीत लिहून ठेवलंय की इथे कट का वापरलेला नाही, पुढे कुणीतरी बदलायला जाईल म्हणून.


वेताळटेकडी | सोमवार, सकाळी ८:०५

उत्तम. ग्रेपचं बिंदू म्हणजे एक चिन्ह हे लोकेल यूटीएफ-८ असेपर्यंतच. ही स्क्रिप्ट कधी क्रॉनमधून चालवलीत तर तिथे लोकेल असेलच असं नाही, वरती एलसी ऑल ची ओळ घाला नाहीतर पुन्हा तीच प्रश्नचिन्हं.


नवशिक्या_०७ | सोमवार, रात्री ९:५०

दादा, ताई, मी पण एक शोधलं आज!! नावात स्पेस असली की एलएस फाइलच्या नावाला सिंगल कोट लावून दाखवतं ना, मला ते कायम खटकायचं आणि कॉलेजात कुणालाच कारण माहीत नव्हतं. टाइप -ए केलं तर आधी एलियास निघाला, रंगांचा, मग फाइल, मग पॅकेज, मग रेपोतली न्यूज फाइल. ८.२५ आवृत्ती, जानेवारी २०१६. टर्मिनलवर दाखवताना नाव असं द्यायचं की ते उचलून परत शेलमध्ये चिकटवता यावं, असं कारण दिलंय. पाइपमध्ये दिलं तर कोट लागत नाहीत. -एन (एन मोठा) दिलं की जुन्यासारखं दिसतं. मी ते बंद करायला निघालो होतो, पण कारण वाचल्यावर तसंच ठेवलं.

आता लिस्टवरची तेव्हाची चर्चा वाचतोय, खूप लोक चिडले होते. निम्मी झालीय.